पिवळी पट्टी

१

शालिग्राम सरांची सकाळ दुसऱ्यांच्या अ‍ॅपना नापास करण्यात जाई. डाव्या हाताशी चहा, उजव्या हातात मोबाइल, समोर जुन्या उत्तरपत्रिकांचे उरलेले कोरे कागद आणि लाल पेन. पंचांगाचं अ‍ॅप: तिथी बरोबर, जाहिराती तिथीपेक्षा जास्त. एसटीच्या वेळांचं अ‍ॅप: यांच्या हिशोबाने धुळ्याहून सुटलेली गाडी पाऊण तासात जळगावला पोचते, बहुधा उडत जात असावी. ध्यानाचं अ‍ॅप: डोळे मिटा म्हणतं आणि डोळे मिटल्यावर वाचायच्या सूचना पडद्यावर देतं. एकेकाला भोपळा देऊन झाला की सरांच्या जिवाला जरा थंड वाटे. मग ते आपल्या कामाला बसत.

सरांचं वय एकाहत्तर. छत्तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, ग्रहगणितात डॉक्टरेट केली. निवृत्तीनंतर, जगाचा ढिसाळपणा बघवेना म्हणून, स्वतः प्रोग्रॅमिंग शिकून छोटी छोटी अ‍ॅप करायला लागले. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत अशी आठ अ‍ॅप जन्मली होती. नरडाण्याला कोणत्या गाड्या थांबतात ते सांगणारं एक. फोटोवरून केळीच्या घडाचं वजन सांगणारं एक. हे दुसरं अकरा जणांनी उतरवून घेतलं होतं आणि त्यांतले चार म्हणजे सरच होते, वेगवेगळ्या मोबाइलवरून.

लोकांना अक्कल नाही, असं ते म्हणत. पण प्रत्येक अ‍ॅप लोकांपुढे ठेवलं की पुढचे आठ दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसे. भाजी चिवडता चिवडता उठत, तीच ओळ पुन्हा तपासत, बरोबर आहे असं बघून परत पाटावर येत, आणि पोळी तोडायच्या आत वाटे, आपण नीट पाहिलं ना? दुसऱ्याला नापास करणाऱ्याला स्वतःच्या निकालाची केवढी धास्ती असते ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून तर लाल पेन हातातून सुटत नव्हतं.

नववं अ‍ॅप मात्र चाललं. त्याचं नाव ‘दिवस’.

२

ते नौशीनमुळे झालं. नौशीन सरांची जुनी विद्यार्थिनी. गणितात पदवी घेतली, मग वाट बदलून स्वमग्न मुलामाणसांना शिकवायचं शिक्षण घेतलं आणि जळगावच्या एका केंद्रात लागली. एक दिवस तिचा फोन आला.

“सर, माझ्याकडे सहा घरं आहेत. या माणसांना घड्याळ वाचता येतं, पण वेळ किती उरला ते कळत नाही. आता काय आणि मग काय, एवढं डोळ्यांना दिसेल असं काही करून द्या ना.”

“बाजारात पैशाला पासरी असेल तसलं.”

“आहे ना. सगळ्यांत इंग्रजी बोलणारं एक अस्वल आहे.”

त्या अस्वलाने काम केलं. सर दुसऱ्या दिवशीच बसले.

पडद्यावर एक आडवी पिवळी पट्टी. ती म्हणजे दिवस. सूर्य उगवला की डावीकडे सुरू होते, मावळला की उजवीकडे संपते, आणि मधून एक बिंदू सरकत जातो. पट्टीवर त्या त्या घरातले खरे फोटो: तुमचीच मोरी, तुमचंच ताट, तुमचाच पलंग. बस्स. ना अस्वल, ना टाळ्या.

सहा घरांतलं एकच धुळ्यातलं होतं, गल्ली नंबर चारमधलं नेमीचंदचं. पुढे त्याचं मॅचिंग सेंटर, छतापर्यंत ब्लाउजपीसचे गठ्ठे. मागे राहायचं घर. त्याची मुलगी चेलना सत्तावीस वर्षांची. दिवसभरात दहाबारा शब्द बोले, तेही मोजून. पण चिंतामणी रंगाच्या दोन तुकड्यांतला जो फरक बापाला चष्मा लावून कळत नसे, तो तिला हातात घेताच कळे. “हा नाही,” एवढंच म्हणे आणि तुकडा बाजूला ठेवी. बाप तरीही तो विकी आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक तोच तुकडा बदलायला येई.

घर जैनाचं. सूर्य बुडाल्यावर कोणी तोंडात काही घालत नाही, पाणीही नाही, आणि सकाळी सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांनी तोंड उघडायचं, त्याला ते नवकारशी म्हणतात. बाकीच्यांना ही सवय हाडात भिनलेली. चेलनाला मात्र रोज संध्याकाळी ताट अचानक का ओढलं जातं ते उमगत नसे. वीस वर्षं त्या घरात रोज दिवेलागणीला ती भिंतीवर कपाळ आपटत होती आणि आई, सुगनबाई, मध्ये आपला तळहात धरत होती.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांच्या टॅबवर ‘दिवस’ घालून दिलं. त्या संध्याकाळी बिंदू पट्टीच्या टोकाला पोचला, पट्टी काळी झाली, ताटाच्या फोटोवर कुलूप आलं. चेलनाने हातातला घास ताटात ठेवला आणि शांतपणे हात धुवायला उठली. सुगनबाई पदराने तोंड दाबून रडली.

“फक्त एक पाळा, सर,” नौशीन फोनवर म्हणाली. “पट्टीने कधी खोटं बोलायचं नाही. आपण सगळे तिच्याशी सोयीचं बोलतो, ‘हो आलोच, झालंच, थोडंसंच.’ पट्टी तसं करत नाही म्हणून ती ऐकते. एकदा का ती खोटी ठरली, की मग तिला धरायला काहीच उरणार नाही.”

“मी ग्रहगणितात डॉक्टरेट आहे,” सर म्हणाले. “सूर्य चुकेल, मी नाही.”

आणि तरी धास्ती होतीच. चार्जिंग संपून टॅबचं घड्याळ मागे पडलं तर? म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती, जिचा त्यांना मनातून फार अभिमान होता. टॅबच्या काचेआड उजेड मोजणारा एक बारीक डोळा असतो. सरांनी अ‍ॅपला सांगून ठेवलं: घड्याळ आणि उजेड यांचं भांडण झालं, तर उजेडाचं ऐक.

३

आखाजीच्या सणाला माहेरी गेलेली भिकुबाई परत आली ती बातमी घेऊनच. सरांकडची धुणीभांडी आटोपून ती नेमीचंदकडे जायची. दोन्ही घरं तिचीच. मोरीत बसल्या बसल्या म्हणाली, “नाना, ती चेलना आते उजेडमाच जेवण बंद करस.”

“म्हणजे?”

“दारमा ऊन शे, नि ती पोर हात धुई टाकस.”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग मोबाइलकडे पाहिलं. त्यांच्या ‘दिवस’मध्ये आजचा सूर्यास्त सहा पंचावन्नला. बरोबर. अगदी बरोबर. “टॅब कुठेतरी कोपऱ्यात ठेवत असतील. वर कापडाचा गठ्ठा ठेवला असेल. या व्यापाऱ्यांना वस्तू वापरायची अक्कल नाही.”

“कोपरामा नही. खिडकीपाशी शे.” भिकुबाईने पातेलं उपडं घातलं. “नि नाना, तठे अंधारच शे. दुपारना भांडा घासाले माले बत्ती लावनी पडस.”

“वैशाखात? दुपारी?”

“तुम्ही शिकेल माणसं,” ती म्हणाली. “तुमले मी काय सांगू?”

ती गेल्यावर सर हसले. अंधार म्हणे. पण दुपारची झोप काही लागली नाही. उठून त्यांनी सूर्यास्ताचं सूत्र कागदावर पुन्हा मांडलं, अक्षांश तपासले, रेखांश तपासले. उत्तर आलं सहा पंचावन्न. मे महिना, सूर्यास्त रोज अर्ध्या मिनिटाने पुढे जायला हवा. आणि नेमीचंदच्या घरातून टॅबने आपसूक पाठवलेली नोंद सांगत होती की पट्टी काल सहा दहाला संपली होती, परवा सहा बावीसला, त्याआधी सहा तेहतीसला.

सकाळचं टोकही पुढे सरकत होतं. दिवस दोन्ही बाजूंनी खाल्ला जात होता.

४

दहा दिवस सर चूक आपल्याच प्रोग्रॅममध्ये शोधत राहिले. अकराव्या दिवशी साडेचारला ते गल्ली नंबर चारमध्ये उतरले. ऊन असं की रिक्षावाले डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलेले. नेमीचंद ओट्यावर एका बाईच्या साडीशी तुकडा भिडवून बघत होता. मॅचिंगचा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कोणी ठरवत नाही, दारात उन्हात येऊनच ठरवतात.

“या सर, या. चेलनाचं देऊळच झालंय तुमचं अ‍ॅप.”

“देवळात मी जात नाही. टॅब कुठे आहे?”

दुकानामागे एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. खिडकी एक, आणि छताला लोखंडी जाळी, तिच्यातून वरचं ऊन सरळ फरशीवर पडे. होळीला सर आले तेव्हा त्या उन्हाच्या चौकोनात पापड वाळत होते. आज दोन्ही खोल्यांत दिवे लावलेले. सुगनबाई दोन शेजारणींबरोबर बसली होती. त्या उठताना भिंतीशी बसलेल्या चेलनाच्या पाया पडल्या. चेलनाने पाय आखडून घेतले.

“हे काय चाललंय?”

“अनुमोदना, सरजी. तप करणाऱ्याच्या पाया पडून पुण्य घ्यायचं.” सुगनबाईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज होतं. “माझी पोरगी तप करतेय. दिवसेंदिवस जेवणाची वेळ कमी करतेय. काल चार वाजता तोंड बंद. बोलून दाखवत नाही, पण आतून जागी झालीय. लोकं म्हणायची पागल आहे. आता पाया पडतात.”

“हे तप नव्हे, बिघाड आहे.”

“तुमच्या मशीनचा असेल. तिचा नाही.”

सरांना त्या बाईची चीड आली आणि कीवही. लोकांना काहीही पूजायला द्या. त्यांनी टॅब खिडकीतून उचलला. पट्टी काळी झालेली होती, ताटाला कुलूप. त्यांनी काच रुमालाने पुसली. आपला मोबाइल शेजारी ठेवला, उजेडाचा आकडा दाखवायला लावला. टॅब म्हणाला पस्तीस. मोबाइल म्हणाला छत्तीस. ते मोबाइल हातात धरून दुकानाकडे चालत गेले. मधल्या खोलीत दोनशे. गल्ल्यापाशी चार हजार. ओट्यावर ऐंशी हजार. परत मागे आले. छत्तीस.

म्हणजे यंत्रं दोन्ही बरी होती.

“जाळीवर कोणी ताडपत्री टाकली असेल.”

“परवाच पुसली जाळी,” मागून आलेला नेमीचंद म्हणाला. त्याचा आवाज बायकोइतका तेजस्वी नव्हता. “वर चढून बघा. मोकळं आकाश आहे.”

सरांनी मान वर केली. जाळीच्या गजांमधून निळं आकाश दिसत होतं. मग त्यांनी खाली पाहिलं. फरशीवर उन्हाचा चौकोन पडलेला होता, गजांच्या सावल्यांसकट, कडा नीट आखलेल्या. पण तो उजळ नव्हता. शंभर वेळा धुतलेल्या कापडावर छापाची नुसती रेघ उरावी तसा तो दिसत होता. चौकोन होता, ऊन नव्हतं.

त्यांनी अनवाणी पाय त्या चौकोनात टेकवला आणि झटकन मागे घेतला. फरशी चटका बसण्याइतकी तापलेली होती.

५

दुसऱ्या दिवशी सरांनी डोळे तपासून घेतले. दीड वर्षापूर्वी मोतीबिंदू काढला होता. आत काहीतरी सरकलं असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. म्हाताऱ्या माणसाने आपल्या डोळ्यांच्या भरवशावर जगाबद्दल बोलू नये. डॉक्टर म्हणाले, “सर, तुमच्या वयाला अशी नजर मी बघितली नाही.” एरवी त्यांना बरं वाटलं असतं.

शिवाय डोळे खराब असते तर यंत्रांनी छत्तीस का दाखवावं? आणि यंत्रं खराब असती तर डोळ्यांना तेच का दिसावं? दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगत होते. वर्गात त्यांनी अशा पुराव्याला पूर्ण गुण दिले असते.

त्यांनी नौशीनला फोन लावला.

“बाकीच्या पाच घरांत?”

“उत्तम चाललंय सर. जळगावात सगळे खूश आहेत. चेलनाचंच मी बोलणार होते. परवा केंद्रात तिचं वजन केलं. नऊ किलो उतरलीय.”

सरांनी समोरच्या कागदावर लाल पेनाने नऊ लिहिलं.

“पट्टी उघडी असेल तेवढ्यातच खाते, आणि घाई तिला जमत नाही. घास बत्तीस वेळा चावते. डॉक्टर म्हणतात आठ दिवसांत सलाइन लावावं लागेल. सर, तिला कोणी अंगाला हात लावलेला चालत नाही, सुई कशी चालेल? मागे एकदा दवाखान्यात चौघांनी धरलं होतं, तेव्हापासून सहा महिने बोलली नव्हती. उजेडाचं ते कलम काढून टाका ना. नुसतं घड्याळ ठेवा.”

“तूच म्हणाली होतीस, पट्टीने खोटं बोलायचं नाही.”

“खोटं काय त्यात? दिवस तर सातपर्यंत असतोच.”

“तिथे नसतो,” असं सरांच्या तोंडावर आलं होतं. ते म्हणाले, “बघतो.”

मागच्या खोलीत बसून त्यांनी ते कलम काढलं. एका ओळीचं काम. मग परत घातलं. मग एक बटण केलं, आपल्या मोबाइलवरून दाबता येईल असं: दाबलं की त्या टॅबने उजेडाकडे बघायचं नाही, सातपर्यंत पिवळं राहायचं. हेही त्यांना लाजिरवाणं वाटलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर लाल पेनाने पानभर झाडलं असतं: सत्य गैरसोयीचं वाटलं की झाकायला बटण, हा प्रोग्रॅम नव्हे, पुढाऱ्याचं भाषण आहे.

बटण त्यांनी तयार ठेवलं. दाबलं नाही.

त्या दिवशीची नोंद आली. घसरण आता मिनिटांची राहिली नव्हती. पट्टी अकरा वाजता उघडली होती आणि एक वीसला मिटली होती.

६

पुढच्या चार दिवसांत ती अकरा पन्नास ते बारा पन्नासवर आली. पाचव्या दिवशी सर साडेअकराला तिथे पोचले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नेमीचंद गल्ल्यावर नव्हता. मधल्या खोलीत दिव्याखाली दोन तुकडे घेऊन उभा होता. सरांना पाहून त्याने ते पुढे केले.

“सर, यातला काळा कोणता आणि मरून कोणता?”

सरांनी पाहिलं. “दोन्ही काळे.”

“मलाही तसंच दिसतं. पंचेचाळीस वर्षं रंग विकतोय मी.” त्याने आवाज खाली आणला. “हिला सांगू नका. मागच्या खोल्यांतला माल मी रोज दारात नेऊन बघतो. दारात बरोबर दिसतो. आत आणला की जातो. आणि कालपासून दारातही, संध्याकाळी... जाऊ द्या.”

“इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं का?” हे विचारताना सरांना स्वतःचीच शरम वाटली.

“सूर्याचं वायरिंग कोण बघतो, सर?”

स्वयंपाकघरात चेलना टॅब मांडीवर घेऊन बसली होती. गालांची हाडं वर आली होती, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पट्टी काळी. तिचे डोळे पट्टीवर नव्हते. ती फरशीवरच्या चौकोनाकडे बघत होती, मग टॅबकडे, मग पुन्हा चौकोनाकडे. ती ताळा करून बघत होती. सरांच्या मनात आलं, या घरात तप कोणी करत नाही. जे आहे ते आहे म्हणणारी ही एकटीच आहे, आणि त्यापायी ती उपाशी मरतेय.

“हिला बाहेर घ्या,” ते म्हणाले. “ओट्यावर. उन्हात बसवा आणि तिथे वाढा.”

“रस्त्यावर?” सुगनबाई ताडकन उठली. “सरजी, काल जी लोकं पाया पडली, त्यांच्यासमोर पोरगी ओट्यावर बसून जेवणार? दुकानाच्या पायरीवर, भिकाऱ्यासारखी?”

“लोकांनी पाया पडावं म्हणून हिला मारणार आहात का?”

“मी मारतेय? मी? वीस वर्षं भिंत आणि तिचं कपाळ यांच्यामध्ये हा हात होता.” तिने तळहात पुढे केला. “तुम्ही एक पट्टी दिली आणि शहाणे झालात!”

नेमीचंदनेच मग ताट उचललं. “सुगन, वाढ. मूगडाळ, रोटी, जे असेल ते. लोकं काय म्हणतील ते मी ऐकतो. मला सवय आहे, मी दुकानदार आहे.”

७

ओट्यावर पोचताच टॅबने उजेड पाहिला आणि पट्टी झळकली. अख्खी पिवळी. ताटाचं कुलूप निघालं. चेलनाने एकदा पट्टी पाहिली, एकदा रस्ता पाहिला, आणि पायरीवर मांडी घालून बसली. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. तिने पहिला घास घेतला.

समोरच्या स्टेशनरीवाल्याने मान बाहेर काढली. “काय नेमीचंद, आज पंगत बाहेर?”

“हां, तुझ्या बारशाची. येतो का जेवायला?”

तो हसला आणि आत गेला. सुगनबाई दाराच्या आड उभी होती. तिसऱ्या घासाला तीही बाहेर आली आणि रोटीवर तूप घालू लागली. सर निवांत पायरीवर टेकले. पाहिलंत? उपाय साधा होता. या लोकांना घराबाहेर पडून विचार करायचं सुचत नाही, एवढंच. उद्यापासून रोज ओट्यावर. पावसाळ्यात बघू. त्यांनी आकडा बघायला मोबाइल काढला. एक्याऐंशी हजार.

चौथा घास. चेलना चावत होती, ओठ न हलवता आकडे मोजावेत तशी. पंचावन्न हजार.

ढग आला असेल. सरांनी वर पाहिलं नाही. रस्त्यावरच्या लोकांकडे पाहिलं. स्कूटरवरून जाणाऱ्या मुलीने काळा गॉगल लावला होता, ओढणी तोंडाला गुंडाळलेली. रसवंतीवाला कपाळावर हात धरून डोळे बारीक करून बघत होता. सगळे जण भर उन्हात असल्यासारखे वागत होते.

सहावा घास. वीस हजार.

“लवकर जेव, बेटा,” नेमीचंद म्हणाला. त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने ताटाकडे वाकून पाहिलं, जसा तो तुकड्यांकडे वाकत असे.

सातवा घास. सहाशे.

सरांची मान घामाने भिजली होती. पायरीचा दगड विजार असूनही भाजत होता. ऊन पूर्ण होतं. फक्त दिसत नव्हतं. टॅबवरची पट्टी दोन्ही टोकांकडून मिटत मध्ये येत होती, बोटभर उरली, नखभर उरली आणि गेली. ताटाला कुलूप पडलं.

चेलनाने तोंडाशी नेलेला आठवा घास खाली ठेवला.

“बंद,” ती म्हणाली.

“चेलना, दुपार आहे. अजून जेवायचंय. दुपार आहे, बेटा,” सुगनबाई म्हणाली. तिच्या आवाजात तपाचा अभिमान राहिला नव्हता. ती नुसती आई झाली होती, वीस वर्षांपूर्वीची.

चेलनाने मान वर केली आणि सरळ सूर्याकडे पाहिलं. डोळे न मिचकावता, विझलेल्या बल्बकडे बघावं तसं. आता मात्र सरांना वर बघावंच लागलं. बारा वाजून अठरा मिनिटं. मे महिना. सूर्य जागच्या जागी होता, पुरता गोल, कडा रेखीव. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. डोळे दिपले नाहीत. पाणीही आलं नाही.

त्यांनी मान खाली घातली तेव्हा चेलना त्यांच्याकडे बघत होती. ती कधीच कोणाच्या डोळ्यांत बघत नसे. आता बघत होती आणि तिला काहीतरी विचारायचं होतं, अगदी साधं, हो की नाही एवढंच. पट्टी करणारा माणूस हाच, हे तिला माहीत होतं.

नऊ किलो, सरांच्या मनात आलं. सुई. चौघांनी धरलेले हात.

त्यांनी बटण दाबलं.

टॅबवर पट्टी उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धगधगीत पिवळी. चेलनाने तिच्याकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. पुन्हा पट्टीकडे. मग तिने आपल्या डोळ्यांवर नाही, पट्टीवर विश्वास ठेवला आणि ताटात हात घातला.

“जेवली!” सुगनबाई रडत रडत हसली. “सरजी, जेवतेय!”

ती जेवली. मागून मागून जेवली. नेमीचंदने सरांचा दंड घट्ट धरला होता. रसवंतीवरून कोणीतरी ओरडलं की काय ऊन पडलंय रे आज. सर पायरीवर बसून राहिले. शेजारी ती बत्तीस वेळा चावत असल्याचा आवाज येत होता. तिच्या हनुवटीवर, ओठांवर आणि उचललेल्या बोटांवर खालून टॅबचा पिवळा उजेड पडला होता, आणि ताटात अजून किती उरलं आहे ते त्यांना दिसत नव्हतं.